नवस फिटण्याआधीचे रोडगे

त्या वर्षी मी देवाशी बोलणं सोडलं होतं. रागानं, अगदी ठरवून. अमेरिकेतून सुट्टीवर आले, अमरावतीला उतरले, आणि मेडिकल कॉलेजच्या प्रत्येक परीक्षेआधी ज्या अंबादेवीच्या पाया पडायला जायचे, तिच्या देवळावरून ऑटोतून सरळ पुढे निघाले. ऑटोवाल्यानं सवयीनं वेग कमी करून छातीला हात लावला. मी मान दुसरीकडे वळवली. मला काय हवंय ते तिला चांगलं ठाऊक होतं, आणि तिनं दोनदा नाही म्हटलं होतं.

मागणं काही फार मोठं नव्हतं. हृदयाचा ठोका चुकतो तो का चुकतो आणि तो ताळ्यावर कसा आणायचा, एवढंच मला शिकायचं होतं. अमेरिकेत बाहेरून आलेल्या डॉक्टरला पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागतं. ते मी शिकले, मग हृदयरोगाचं शिक्षणही घेतलं. ठोक्यांच्या विद्येची शेवटची पायरी तेवढी उरली होती, आणि तिथं लागोपाठ दोन वर्षं एकाही रुग्णालयानं मला घेतलं नाही. एका ज्येष्ठ डॉक्टरांनी तर प्रेमानं समजावलं, की या जागा थोड्या असतात, व्हिसावरच्या माणसानं मिळेल ते घ्यावं. त्यांच्या त्या प्रेमाचाच मला जास्त राग आला. मिळत होती ती लहानशा गावातली साधी हृदयरोगतज्ज्ञाची नोकरी. हो म्हटलं की व्हिसा पक्का, पण ठोक्यांची विद्या सुटली ती सुटलीच. नाही म्हटलं तर काही महिन्यांत तो देश सोडायचा. हिवरखेडजवळच्या आमच्या मळ्यात पोचेपर्यंत मी हो म्हणायचं ठरवून टाकलं होतं.

आमचं घर झेंडू-शेवंती पिकवणाऱ्यांचं. मळ्याच्या बांधावर, सडकेला लागून, शेंदराचा एक मारोती आहे. मी गेले तेव्हा बाबा त्याच्यापुढं गोवऱ्या रचत होते आणि आई परातीत कणीक मळत होती. रोडग्यांची तयारी होती. कणकेच्या पदरावर पदर चढवून केलेले गोळे निखाऱ्यात भाजायचे, तुपात बुडवायचे, सोबत वरण आणि वांग्याची भाजी. नवस पुरा झाला की आमच्याकडे देवाला असे रोडगे देतात आणि वाटेनं जाणाऱ्यालाही हाक मारून जेवायला बसवतात.

“कोणाचा नवस हाय?” मी विचारलं.

“तुह्या जागेचा,” आई कणीक मळता मळता म्हणाली.

“अवं, पण जागा कुठी भेटली मले?”

“मले माहीत हाय ना. आपण आधीच जेवू घालून टाकू त्याले. खाल्ल्यावर तरी लाज वाटली पाह्यजे.”

बाबांना हे मुळीच पटलं नव्हतं. “पहिले नवस फेडत असते का कोणी? लोक हासतीन,” असं ते दोनदा पुटपुटले. आईनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “हासू द्या. कौंडण्यपूरच्या रुक्मिणीले तिचा भाऊ लग्नाले नाही म्हणत होता, थांबली का ते?” मी नोकरीला हो म्हणणार आहे हे आईला सांगायचं होतं, पण तिचा तो अवतार पाहून ते रात्रीवर टाकलं. मी वांगी चिरायला बसले. मारोतीला मात्र नमस्कार केला नाही.

दुपारी पंगत बसली. आई सडकेवर उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला अडवत होती. अकोटच्या बाजाराकडे मोटारसायकलवर निघालेलं एक भाजीवालं जोडपं तिनं असंच उतरवून घेतलं. बाई चाळिशीच्या आसपासची, तोंडानं फटकळ. मी डॉक्टर असल्याचं आईनं तिला ऐकवलंच होतं. वाढताना मी भाजी कमी घातली तर म्हणाली, “डॉक्टरीन हाय ना तू? तरीच हात आखडून राहिली.” सगळे हसले, तीही हसली, आणि हसता हसता थांबली. हातातला घास पत्रावळीवर ठेवून तिनं गळ्याशी हात नेला. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम.

“काही नाही जी, येतच राह्यते तिले असं,” नवरा म्हणाला. “अकोल्याले दाखवलं, सगळीकडं दाखवलं. दवाखान्यात जाईपर्यंत थांबून जाते, ईसीजीच्या पट्टीवर काही येतच नाही. मनाचं हाय म्हणतात. भेवाडी हाय ते.”

“मी नाही भेवाडी,” ती तशातही डोळे वटारून म्हणाली. “येते म्हणजे येते.”

मी तिचं मनगट धरलं. नाडी मोजता येणार नाही इतकी धावत होती. माझ्या पर्समध्ये हृदयाचा आलेख काढणारं काडेपेटीएवढं यंत्र होतं. आता ते आपल्या काय कामाचं, म्हणून अकोल्यातल्या मैत्रिणीला देऊन टाकायला आणलं होतं. त्यावर तिची बोटं ठेवली आणि फोनवर रेघ उमटू लागली. दोन वर्षं जे शिकण्यासाठी मी दारोदार फिरत होते, तेच आमच्या मळ्यात पत्रावळीपुढं बसलं होतं.

तिला ताडपत्रीवर निजवलं. तोंड मिटून, नाक दाबून जोर कर म्हटलं आणि लगेच पाय वर धरले; धावतं हृदय कधीकधी एवढ्यानंच ताळ्यावर येतं. काही झालं नाही. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिचे ओठ सुकत चालले, नजर ठरेना. बाबा शेजारच्यांची जीप आणायला धावले, पण अकोट काही जवळ नव्हतं, आणि माझ्याजवळ ना सुई ना औषध. मी मारोतीकडे पाहिलं. नमस्कार कसला करते, भांडलेच. मनातल्या मनात म्हटलं, तुह्याच पंगतीत बसली हाय ते. मले काही द्यायचं नसन तर नको देऊ, पण हिले उपाशी उठवू नको. मला जे येत होतं ते करून झालं होतं. तेच आणखी एकदा केलं.

माझ्या बोटांखालची नाडी थांबली. तिथं काहीच नव्हतं. मग एक ठोका आला, सावकाश, आणि त्यामागून दुसरा.

ती बराच वेळ तशीच पडून होती. मग उठून बसली आणि मी तिला फोनवरची रेघ दाखवली, ही धावतानाची, ही थांबल्यावरची. हे मनाचं नाही, हृदयातल्या एका जादा तारेचं दुखणं असावं आणि ते बरं होतं, असं समजावलं. तिनं रेघेवरून बोट फिरवलं. “म्हणजे खरं होतं ना माहं?” एवढंच म्हणाली आणि पदर तोंडाला लावून रडू लागली. तिच्या नवऱ्यानं पाण्याचा तांब्या तिच्यापुढं धरला. तिला कुणी खरं मानलं नाही म्हणून मीही रडले, आणि थोडी माझ्यासाठीही रडले. पुढं नागपूरला डॉक्टरांनी हृदयापर्यंत नळी घालून तिची ती जादा तार जाळली. आता ती एकटी बाजार करते.

सांजेला मी डोळे पुसत आईला सांगितलं, की मिळणारी नोकरी मी नाकारतेय. व्हिसा संपला तर अकोल्यात दवाखाना टाकीन, पण मिळेल ते घेणार नाही. आई म्हणाली, “मग रडतं कावून? जेव.” त्या दिवशी मीही पंगतीतला रोडगा खाल्ला.

परत गेल्यावर पुन्हा सगळीकडे लिहिलं. पुन्हा नकार आले, आणि असे आले की बॅगा भरायला घेतल्या. तेवढ्यात एका रुग्णालयातलं कुणीतरी शिक्षण अर्धवट सोडून गेलं आणि मला बोलावणं आलं. मुलाखतीत त्यांनी विचारलं, “आम्हीही नाही म्हटलं तर?” मी म्हटलं, “कुठंही असले तरी पुढच्या वर्षी पुन्हा येईन.” त्यांनी घेतलं.

यात देवानं काय केलं आणि योगायोगानं काय, ते मला सांगता येत नाही आणि सांगायचंही नाही. शरण जायचं म्हणजे हात टेकायचे, असं मला वाटायचं, म्हणून मला त्या शब्दाचाच तिटकारा होता. आता रोज कुणाच्या तरी हृदयातली बिघडलेली जागा मी जाळते. माझं काम संपतं, आणि पुढचा ठोका पडेपर्यंत एक क्षण असा येतो की तिथं माझं काहीच चालत नाही. अवघी खोली पडद्याकडे बघत असते. मी त्या क्षणी हात जोडते. वाकत नाही, उभ्यानंच जोडते, आणि तो बांधावरचा मारोती ठोका पाठवतो.