आधी कौतुक करायचं

"तू तिला नीट समजावून सांग. तुझ्याकडून ऐकलं तर तिला लागणार नाही."

आमच्या मनुष्यबळ विभागाचे साहेब माझ्या कानाशी येऊन हे म्हणाले. तोंडाला वेलदोड्याचा वास. 

विंझरच्या पुढं, वेल्ह्याच्या रस्त्याला एक फार्महाऊस आहे. हायवेवरच्या आमच्या कंपनीनं तिथं सहल नेली होती. सकाळी साहेब 'आपण सगळे एक कुटुंब' यावर बोलले. मग खेळ. डोळे बांधून एकमेकांचा हात धरून चालायचं. त्यानं विश्वास वाढतो म्हणे. दुपारी चुलीवरच्या भाकऱ्या होत्या आणि त्या थापायला गावातल्या एक मावशी.

एका मॅनेजरनं भाकरी घेता घेता विचारलं, "आडनाव काय तुमचं?" मावशींनी सांगितलं. त्यानं ताट खाली ठेवलं. मग दुसऱ्यानं ठेवलं. तिसऱ्याला एकदम उपवास आठवला.

मावशी बौद्ध. मीही बौद्ध, भोरची. मानसशास्त्रात एमए केलंय. माणसांचं ऐकून घेणं, त्यांना समजावणं, याचा मला पगार मिळतो. कंपनीच्या माहितीपत्रकावर माझा फोटो आहे, 'सर्वांना समान संधी' या शब्दांच्या वर. तो कशाला छापलाय, ते त्या दुपारी कळलं.

"काही सिनियर मंडळी अनकम्फर्टेबल आहेत," साहेब म्हणाले. "दुसरी बाई बोलावलीय. हिला आता घरी जायला सांग. आधी कौतुक, मग मुद्दा, मग परत कौतुक. तूच शिकवतेस ना सगळ्यांना?"

हो, मीच शिकवते. सुपरवायझरांना समोर बसवून शिकवते, की टोचणारी गोष्ट गोड बोलण्यात गुंडाळून द्यावी.

आणि मी चुलीपाशी गेले. नोकरी हवी होती, म्हणून गेले.

"मावशी, भाकरी काय सुंदर झालीय तुमची."

मावशींचा हात परातीतच थांबला. "कौतुक ऱ्हाऊ दे, बाई. मला उठवाया कुणी सांगितलं, त्ये सांग. आडनाव इचारलं तवाच म्या वळखलं." मग माझ्याकडं निरखून पाहिलं. "तू कुणाची गं?"

मी माझं आडनाव सांगितलं.

"आन् म्हणून तुला धाडलं व्हय," त्या म्हणाल्या.

मला किळस आली. साहेबांची आली, ताटं ठेवणाऱ्यांची आली. सगळ्यात जास्त आली ती माझ्याच गळ्यातून निघालेल्या त्या गोड आवाजाची.

मी तिथूनच मोठ्यानं म्हणाले, "साहेब, यांना का उठवायचं ते तुम्ही इथं या आणि सगळ्यांसमोर सांगा."

साहेब हसले. "आपण नंतर बोलू." माझा हात धरून चाललेल्यांपैकी कुणी जागचं हललं नाही. मी मावशींशेजारी बसून भाकरी खाल्ली. दुसरी बाई काही आली नाही. येताना नसरापूरला गाड्या थांबवून मंडळी पोटभर जेवली.

सोमवारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. "तुझा भावनिक समतोल ढळलाय. थोडे दिवस रजा घे. एखाद्या समुपदेशकाशी बोल." मी शिकलेलं शास्त्र साहेबांनी माझ्याच तोंडावर फेकलं. विटाळ त्यांनी मानला आणि आजारी मी.

रजा घेतली नाही. राजीनामाही देणार नाही, त्यांना तोच हवाय. रविवारी मावशींच्या घरी गेले. तक्रार करायची का, म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, "लिव. माजं नाव घालून लिव."

लिहून झालीय. उद्या आम्ही दोघी पोलीस ठाण्यात जातोय. तक्रारीत सुरुवातीला कुणाचं कौतुक नाही. पहिल्या ओळीत आडनाव विचारणाऱ्याचं नाव आहे. दुसऱ्या ओळीत साहेबांचं.