दक्षिणेकडच्या कोपऱ्यातली खिडकी

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. मुग्धाला — म्हणजे माझ्या बायकोला — यातला हंसांचा भाग ठाऊक आहे, आणि तो ती इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीच्या जेवणात दरवर्षी रंगवून सांगते. सांगू दे. लोक हसतात, मीही हसतो. जरा जास्तच मोठ्याने हसतो, म्हणजे ‘मग पुढे काय झालं?’ असं कुणी विचारायला नको.

जर्मनीत रेगेन्सबर्गमध्ये आम्ही राहतो त्या घराच्या मालकीण फ्राऊ हालिना. मूळच्या पोलंडच्या, नव्वदीला टेकलेल्या, तळमजल्यावर एकट्या राहतात. इथे खरं तर आडनावाने हाक मारायची रीत, पण त्यांचं आडनाव माझ्या तोंडून कधी सबंध बाहेर पडलं नाही. शेवटी त्याच म्हणाल्या, “हालिना म्हणा, मला निदान कळेल तरी मलाच बोलावताय ते.” मला मात्र त्या ‘हेर डॉक्टर’, म्हणजे डॉक्टरसाहेब, म्हणतात. मी डॉक्टर नाही. पीएचडी अर्धवट सोडून मी नोकरी धरली हे कळलं, त्या दिवसापासून त्यांनी हे सुरू केलं.

त्यांचा जन्म पोलंडच्या एका आडगावातल्या जमीनदारांच्या घरातला. किल्ला, बुरूज असलं काही डोळ्यांसमोर आणू नका. जमीन बेताची, मान मोठा, असली ही माणसं. घर बैठं. ओंडक्यांच्या भिंती, त्यांवर चुन्याचा गिलावा. छप्पर मात्र भिंतींच्या दुप्पट उंच, आणि मध्येच एक पायरी घेऊन पुन्हा उतरणारं — एका टोपीवर दुसरी टोपी घातल्यासारखं. पुढे चार खांबांचा पोर्च. मागच्या दोन्ही कोपऱ्यांना एकेक लहान खोली, भिंतीबाहेर काढलेली. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारने जमीन घेतली, घरात धान्याचं कोठार केलं, मग कसली तरी कचेरी, आणि आता कुलूप.

यातली दक्षिणेकडची कोपऱ्यातली खोली त्यांच्या आजीची. तिला बागेकडे एक खिडकी होती. लहानगी हालिना त्या खिडकीत बसलेली आहे, बाहेर लष्करी कोट घातलेले वडील उभे आहेत, ते हात वर करून तिला एक नासपती देतात — वडिलांची एवढीच आठवण. त्यानंतर ते लढाईवर गेले, परत आले नाहीत. आणि थोरला भाऊ यान — तो वॉर्सात असतो — आयुष्यभर फोनवर म्हणत आला, “त्या भिंतीला खिडकीच नव्हती. तू स्वप्न पाहिलंस.”

आता मी काय करतो, तर कारखान्यांच्या इमारतींचं लेझर स्कॅनिंग. तिपाईवर यंत्र ठेवायचं, ते गरगर फिरतं, आणि कॉम्प्युटरवर सबंध इमारत उभी राहते. एका रविवारी त्यांच्याकडे केक खाताना मी छाती फुगवून म्हटलं, तुमचं घर मी तुम्हाला इथे आणून देतो. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “बाकी राहू द्या. खिडकी आहे का तेवढं बघून या.”

ऑफिसची परवानगी काढून यंत्र घेतलं आणि गेलो. आणि तिथे रमलो हो मी! पोर्चचे खांब बघून वाटलं, अरे वा, दगडी. बोटाने टकटक केलं तर आतून लाकूड! कुणा पणजोबांनी शहरातली फॅशन बघून साध्या लाकडी घराला ते मागाहून चिकटवलेले. मला तो गृहस्थ एकदम जवळचा वाटला. दिवाणखान्यात निळ्या फरशांची शेगडी, तिच्या मागून दोन खोल्यांना ऊब मिळेल अशी सोय. माळ्यावर खुंट्या ठोकून जोडलेलं लाकूडकाम. दिवसभर मी धूळ खात फिरत होतो.

दक्षिणेकडची खोली शेवटी राहिली. तिचं आतलं दार कोठाराच्या काळात विटांनी बुजवलेलं. म्हणजे मागच्या अंगणातून जायला हवं. आणि अंगणात शेजाऱ्याचे पाळलेले हंस.

हंस म्हटलं की तुम्हाला सरस्वतीजवळचा तो शांत पक्षी आठवेल. विसरा. हे मान जमिनीलगत धरून, फुसफुसत, सरळ मांडीला चावायला येतात. मी तिपाई छातीशी धरून पळालो, गाडीत बसलो आणि काच वर केली. इथवर मुग्धाला माहीत आहे.

तिथून पुढे.

घरी येऊन मॉडेल जोडताना त्या न मोजलेल्या कोपऱ्यात भोक. काय केलं असेल मी? कारखान्यात आम्ही नेहमी करतो तेच. शेडची डावी बाजू मोजायची, उजवीकडे उलटी चिकटवायची — एक बटण दाबलं की झालं. घर तर दोन्हीकडून सारखं होतंच ना? उत्तरेकडची खोली उचलली, दक्षिणेला लावली. त्या खोलीची बागेकडची भिंत कोरी होती. म्हणजे हीसुद्धा कोरी झाली. ते मला दिसलं नाही असं म्हणू? दिसलं. वाटलं, बहुतेक असंच असेल.

त्यांच्या स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवून त्यांच्या डोळ्यांना मोठा व्हीआर चष्मा लावला, मॉडेलच्या आत फिरता येईल असा. पोर्च दिसला तशा त्या टाळ्या वाजवू लागल्या. शेगडीशी पोलिशमध्ये काहीतरी बोलल्या. मग चष्म्यातूनच त्या कोपऱ्यातल्या खोलीत गेल्या, बागेकडे वळल्या, आणि त्यांनी हात पुढे केला. हवेत. तळहात पसरून त्या भिंत चाचपत राहिल्या — वर, खाली, पुन्हा वर.

चष्मा न काढताच त्यांनी विचारलं, “हेर डॉक्टर, हे यंत्र चुकतं का हो?”

इथे बोलायचं होतं. मी म्हणालो, “मिलिमीटरचीसुद्धा चूक नाही.”

का? हंसांना घाबरलो हे सांगायची लाज? पण तो किस्सा तर मी स्वतःच चवीने सांगत सुटलो होतो! मग कसली लाज होती ती?

त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला, भावाला फोन लावला. बोलणं पोलिशमध्ये झालं, थोडकंच. फोन ठेवून मला जर्मनमध्ये म्हणाल्या, “तर मग, यानला सांगितलं. तूच बरोबर होतास म्हटलं.” आणि मला केकचा आणखी एक तुकडा वाढला. तो मी खाल्ला.

नोव्हेंबरात मी पुन्हा तिथे गेलो. मुग्धाला सांगितलं, न्युरेम्बर्गला काम आहे. हंस नव्हते, त्या महिन्यात तिकडे सणाला ते भाजून ताटांत असतात. मागे वळसा घालून गेलो. खिडकी होती. बाहेरून फळ्या ठोकलेली, पण चौकट शाबूत, आणि एवढी खाली की बाहेर उभ्या माणसाने जरा हात उंचावला तर आत बसलेल्या पोरीपर्यंत सहज पोचेल. मी स्वतः हात उंचावून बघितला.

परत आलो, जिन्यात त्यांचं दार उघडंच होतं. नुसती मान हलवून वर गेलो. त्यानंतर कितीतरी रविवार गेले. यान आहे अजून. त्याही आहेत.

परवा मीच विषय काढला. आजीच्या त्या खोलीत काय काय होतं, म्हटलं. त्यांनी डोळे मिटले, नीट आठवून पाहिलं.

“अंधार होता,” त्या म्हणाल्या. “ती खोली अंधारीच होती.”

आणि वडील?

“ते मला आठवत नाहीत. मी फार लहान होते.”

मी चहा संपवला, कप विसळून ठेवला, आणि वर आलो.