बोक्याची धार

शेलूबाजारातले ते जडीबुटीवाले चाचा प्रत्येक जिन्नस पुडीत बांधण्याआधी हुंगतात. तोवर गिऱ्हाइकानं बोललेलं त्यांना चालत नाही. माझा बोका लघवीला बसून नुसता कण्हत होता, म्हणून त्याला थैलीत घालून मी काढ्यासाठी गोखरू मागायला गेलो. चाचांनी गोखरू हुंगलं, पुडीही बांधली. मग बोक्याचं टणक पोट चाचपलं आणि पुडी सोडून परत बरणीत रिकामी केली.

"लघवी तुंबली याची. हे जडीबुटीचं काम नाई. आदी दवाखाना!"

भर बाजाराच्या दिवशी दुकान बंद करून त्यांनी आम्हाला स्कूटरवर जनावरांच्या दवाखान्यात नेलं. बोका वाचला.

आता मी दिसलो की ते रस्त्यापलीकडून ओरडतात, "बोक्याची धार कशी हाय?"

लोक वळून बघतात. मीही तेवढ्याच मोठ्यानं सांगतो, "मोकळी हाय, चाचा!"