चौथी सूचना

स्टुटगार्टच्या त्या कंपनीत पॅकिंगची मशीन्स बनतात. मशीनबरोबर जाणारी माहितीपुस्तिका लिहायला त्यांना माणूस हवा होता. मी पुण्यात नऊ वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर होते. जर्मनीत आल्यावर अशाच पुस्तिका लिहू लागले. ती नोकरी कपातीत गेली. आमचा इथे राहण्याचा परवाना माझ्या नोकरीवर होता आणि नवऱ्याचा, मुलीचा माझ्या परवान्यावर. दुसरी नोकरी शोधायला आउसलेंडरबेहोर्डंने, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कार्यालयाने, दिलेल्या मुदतीतले एकोणीस दिवस उरले होते.

मुलाखतीला निघताना नवरा म्हणाला, "विचारतील तेवढंच बोल."

"आणि नाही विचारलं तर?"

"तर गप्प बस. तुला तेवढंच जमत नाही."

नऊ वाजता मला चुका काढायला बारा पानांचा मजकूर आणि लाल पेन मिळालं. वेळ नव्वद मिनिटं. विभागप्रमुख साठीचे होते. "मजकूर माझा आहे," एवढं सांगून ते गेले.

आठव्या पानावर सुऱ्या बदलण्याच्या सूचना होत्या. चौथी सूचना: संरक्षक झाकण काढा. सहावी: मुख्य स्विच बंद करा. म्हणजे मशीन चालू असताना हात सुऱ्यांजवळ. मी ते तीनदा वाचलं. बाकी पानांवर लाल खुणा केल्या. आठव्या पानावर समासात पेनाचा एक ठिपका पडला, त्यापुढे काही लिहिलं नाही.

पुण्याच्या डेस्कवर एक रीत होती. वरिष्ठांनी लिहिलेल्या मजकुरातली मोठी चूक मीटिंगमध्ये काढायची नाही. मीटिंग संपली की त्यांच्या टेबलाशी जायचं आणि हळू आवाजात सांगायचं. छापायच्या आधी चूक दुरुस्त व्हायची आणि कुणाची मान खाली जात नसे. ती रीत मी नऊ वर्षं पाळली होती.

साडेदहाला खोलीत तिघे होते: विभागप्रमुख, एक इंजिनिअर बाई आणि मनुष्यबळ विभागाचा माणूस. मी स्वल्पविराम, लांब वाक्यं, एकाच भागाची दोन नावं दाखवली.

"आणखी काही?" विभागप्रमुखांनी विचारलं.

"नाही."

इंजिनिअर बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. मनुष्यबळवाल्याने आभार मानले. मुलाखत संपली.

विभागप्रमुख मला लिफ्टपर्यंत सोडायला आले. लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर होती. मी हळू आवाजात म्हणाले, "आठव्या पानावर चौथी सूचना. त्याआधी स्विच बंद व्हायला हवा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हे तुम्हाला कधी दिसलं?"

"साडेनऊच्या सुमारास."

"आणि आता सांगताय? लिफ्टपाशी?"

"तुमचा मजकूर होता. सगळ्यांसमोर..."

लिफ्ट आली, दार उघडलं, बंद झालं. ते वळून चालू लागले. "या माझ्याबरोबर."

खोलीत बाकीचे दोघे कागद आवरत होते. विभागप्रमुख बसले नाहीत. "यांना काही सांगायचंय."

मी आठवं पान उघडलं आणि चूक सांगितली. बोलताना माझं बोट त्या ठिपक्यावर होतं.

"ती चूक आम्हीच घातली आहे," इंजिनिअर बाई म्हणाल्या. "प्रत्येक उमेदवारासाठी." मग विभागप्रमुखांकडे वळून, "सांगितलं, पण खोलीबाहेर. गेनाऊ? बरोबर ना?"

"गेनाऊ," ते म्हणाले. मग मला: "मी सुटीवर असतो आणि पान छापायला निघालं असतं, तर कुणाला सांगितलं असतं?"

"जो समोर असेल त्याला."

"मग आत्ता मी समोर आहे. सांगा, माझा मजकूर चुकीचा आहे."

मनुष्यबळवाला खिडकीबाहेर पाहू लागला. मी जर्मनमध्ये म्हणाले, तुमचा मजकूर चुकीचा आहे. आवाज बारीक निघाला.

"या दोघांना ऐकू आलं नाही."

मी पुन्हा म्हणाले. या वेळी मोठ्याने.

"धोकादायक आहे," त्यांनी सुधारलं. "चुकीचा नाही, धोकादायक. आल्झो, बरं तर, कळवू."

सहा दिवस फोन आला नाही. मी तेवढ्यात आणखी चार अर्ज केले. सातव्या दिवशी दुपारी ईमेल आली: नोकरी एका वर्षाच्या करारावर. पहिले सहा महिने परीक्षेचे. कायमची नोकरी देण्याबाबत त्यानंतर विचार होईल.

मी ती नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवली. मुलगी दारात उभी होती. ती मराठी समजते, उत्तर जर्मनमध्ये देते.

"ब्लायबन विअर?" आपण राहतोय का?

"एक वर्ष," मी म्हणाले.

तिने बोटांवर मोजलं. "डान बिन इश इन डेअर फिअर्टन." म्हणजे तेव्हा ती चौथीत असेल.

नवऱ्याने परवान्याची फाइल कपाटातून काढली आणि टेबलावर ठेवली.