सातवा प्रश्न

मावशींच्या मनात जे असेल ते तोंडावर उमटल्याशिवाय राहत नसे. बावीस वर्षं त्यांनी प्रसूतीच्या वॉर्डात आया म्हणून काढली. तिथं हा गुण फार कामाला आला. बाळ सुखरूप आहे हे बाळंतिणीला डॉक्टरांच्या आधी मावशींच्या चेहऱ्यावरून कळायचं.

निवृत्तीनंतर घरात बसून नवऱ्याशी भांडण्यापेक्षा बरं, म्हणून त्या सुयांच्या केंद्रात लागल्या. सायकल दुरुस्तीच्या दुकानामागे दोन खोल्या. नशेची सुई टोचून घेणारे लोक वापरलेल्या सुया तिथल्या पिवळ्या डब्यात टाकत आणि नव्या, सीलबंद घेऊन जात. माणशी आठवड्याला दहा, दर सोमवारी. नशा सुटेल तेव्हा सुटेल, तोवर निदान सुईतून रोग लागू नये, एवढाच हेतू. थोरल्या नणंदेनं ऐकून नाक मुरडलं. मावशी म्हणाल्या, "मेलेला माणूस कधी नशा सोडतो का हो, वन्सं?" नणंद गप्प बसली. म्हणजे अर्धा तास.

केंद्राचा खरंच उपयोग होतो का, याचा एक डॉक्टरबाई अभ्यास करत होत्या. चाळीस माणसं, दर महिन्याला प्रत्येकाची मुलाखत, सुरुवातीला आणि वर्षानं रक्ततपासणी. मुलाखती मावशींकडे. फॉर्मवर नाव नाही, नुसता क्रमांक. सगळी भिस्त सातव्या प्रश्नावर होती: गेल्या महिन्यात दुसऱ्यानं वापरलेली सुई घेतलीत का?

"खरं सांग हं," मावशी म्हणायच्या आणि काळजीनं समोर बघत राहायच्या.

"नाही मावशी."

की मावशींचा जीव भांड्यात पडायचा. वर्षभरात चारशेवर फॉर्म झाले आणि सातव्या प्रश्नापुढे सगळीकडे 'नाही'. मावशींचे पाय जमिनीवर नव्हते.

रक्ताचे अहवाल आले तेव्हा ते टेकले. चार जणांना यकृताचा संसर्ग झाला होता, तोही सुईतून लागणारा. चौघांतला एक आपण होऊन सांगायला आला, तो पेंटर. दुकानांच्या पाट्या रंगवायचा आणि मावशींचा भारी लाडका होता.

"म्हणजे लेका, वर्षभर मला खोटं सांगत होतास?"

पेंटर नखातला निळा रंग कोरत राहिला. "दहा सुया गुरुवारपर्यंत पुरतात, मावशी. पुढचे तीन दिवस काय करणार माणूस?"

"मग बोलायचं ना! तोंड शिवलं होतं का तुझं?"

"पहिल्याच मुलाखतीत बोललो होतो. 'कधीकधी घेतो' एवढंच म्हटलं, तर तुमच्या डोळ्यांत पाणी. मग म्हटलं, गंमत केली. बाहेर जाऊन सगळ्यांना सांगून ठेवलं, या बाईला रडवायचं नाही."

मावशींना ती गंमत आठवली. त्या हसल्या होत्या आणि त्यांनी 'नाही' लिहिलं होतं. आता रागवायचं तरी कुणावर? या लोकांनी अख्ख्या जगाला थापा मारल्या असतील, पण मावशींना मारलेली थाप निव्वळ मायेपोटी होती. त्यांना स्वतःचीच चीड आली. पेंटर गोळ्यांनी बरा होण्यासारखा होता, पण बाकीच्यांच्या सुया अजून गुरुवारीच संपत होत्या, आणि चारशे फॉर्म सांगत होते की दहा पुरे.

दुपारी त्या डॉक्टरबाईंपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "बाई, माझ्या फॉर्मांवरचा सातवा प्रश्न रद्द करा."

"मावशी, वर्षाचं काम आहे हे! पुढच्या महिन्यात अहवाल द्यायचाय."

"काम चुकलंय. लोक प्रश्नाला उत्तर देत नव्हते, माझ्या तोंडाकडे बघून देत होते. दहा सुया पुरत नाहीत त्यांना."

बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. मग म्हणाल्या, "मुलाखतींना दुसरं कुणी ठेवू का?"

हे मावशींना लागलं. "ठेवा," त्या म्हणाल्या, "नाहीतर मला शिकवा."

बाईंनी शिकवलं. 'खरं सांग' म्हणायचं नाही, 'घेतलीत का' विचारायचं नाही, 'किती वेळा घ्यावी लागली' असं विचारायचं. आणि चेहरा कोरा. मावशी आठवडाभर घरी सराव करत होत्या. तिसऱ्या दिवशी नवऱ्यानं घाबरून विचारलं, "अगं, माझं काही चुकलं का?"

सोमवारी पहिला आला तो बाजारातला हमाल. सहा प्रश्न झाले.

"गेल्या महिन्यात दुसऱ्याची सुई किती वेळा घ्यावी लागली?"

हमालानं मावशींकडे निरखून बघितलं. तिथं काहीच सापडेना. "तीनदा," तो म्हणाला. "शुक्रवार-शनिवारचं."

मावशींनी तीन लिहिले. वर्षभरातलं हे पहिलं खरं उत्तर. त्यांना इतका आनंद झाला की उठून त्याच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटला. पण हा आनंद तोंडावर दिसला असता, तर उद्यापासून झाडून सगळे त्यांच्या खुशीसाठी 'तीनदा' म्हणाले असते. मावशींनी मान खाली घातली आणि जमेल तितक्या कोरड्या आवाजात विचारलं, "आठवड्याला किती सुया लागतात तुला?"