भुऱ्या आमिषाला बळी पडला

आमच्या कुत्र्यानं माझी पत्रकं खाल्ली, पण त्यामागे त्याची कोणतीही राजकीय भूमिका नव्हती.

आमच्या नेर गावात निवडणूक लागली होती. 'मत विकू नका! आमिषाला बळी पडू नका!' असं जळजळीत पत्रक मी लिहिलं आणि बसस्टँडवर वाटायला लागले. लोक ते घ्यायचे आणि त्यावर भजी ठेवून खायचे! मग मला युक्ती सुचली. प्रत्येक पत्रकाला संत्र्याची एक गोळी चिकटवायची. गोळीसाठी तरी माणूस हात पुढे करील. (यात काही विसंगती आहे, हे मला दिसलं नाही. क्रांतीच्या धावपळीत बारीकसारीक गोष्टी राहून जातात.)

खळ वाळायला गठ्ठा ओसरीवर ठेवून मी आंघोळीला गेले. परत येऊन पाहते तर पत्रकांच्या चिंध्या, गोळ्या वेष्टनासकट गायब आणि भुऱ्या ओठ चाटतोय! थोड्या वेळानं तो भडाभडा ओकला आणि आडवा पडला.

"मिठाचं पानी पाज त्याले, समदं बाहेर येते!" आई पेला घेऊन धावली.

"थांब न आई, डॉक्टरले विचारू दे!" मी जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. "डॉक्टर, कुत्र्यानं गोळ्या खाल्ल्या!"

"कोणत्या? बीपीच्या? झोपेच्या?"

"नाही हो, खायच्या!"

"गोळ्या खायच्याच असतात, बाई!"

आईनं फोन हिसकावला. "चॉकलेट खाल्ले जी त्यानं! लय सारे!" (आमच्याकडे वेष्टनात गुंडाळलेलं जे काही गोड, ते चॉकलेट. त्यात चॉकलेट असायची गरज नसते.)

"चॉकलेट?" डॉक्टर ओरडले. "ते कुत्र्याला विष! लगेच आणा! मिठाचं पाणीबिणी अजिबात पाजू नका, आणि पुडा सोबत आणा!"

आईनं पेला गुपचूप तुळशीत ओतला.

शेजारच्या मेकॅनिक रशीदचाचांनी दुरुस्तीला आलेला ऑटो काढला. "बैठ बेटा, उडाके ले जाता!" ब्रेकचं काम बाकी आहे, हे त्यांनी भर बाजारात सांगितलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी उरलेल्या गोळ्यांचा पुडा वाचला, पुन्हा वाचला. "अहो, ही साधी संत्र्याची गोळी! यात चॉकलेट नाही, शुगर-फ्रीमधलं कुत्र्यांना घातक गोडही नाही." त्यांनी भुऱ्याचं पोट दाबून पाहिलं. "वाचेल. फक्त वेष्टन आत अडकू नये. पुन्हा ओकला, खाणं सोडलं किंवा शी झाली नाही, तर लगेच आणा."

भुऱ्यानं शेपूट हलवली. मी तिथंच हुंदके देऊन रडले.

बाकावर बकरी घेऊन बसलेल्या काकूंनी माझ्या हातातलं, भुऱ्याच्या तोंडातून वाचलेलं एकमेव पत्रक मागून घेतलं. ओळीवर बोट ठेवत अख्खं वाचलं.

"लय बेस लिवलं वो पोरी! कोनाच्या बी लालचीले भुलू नये. पटलं मले!"

पत्रक पटलेली माझी पहिली मतदार! मी त्यांच्या पायाच पडणार होते. काकूंनी पत्रकावरचा खळीचा चिकट डाग निरखला आणि हात पुढे केला.

"याले गोळी चिकटून होती वाटते. मायी कुठी हाय?"

मी पुडा उघडला. त्यांना विचार पटला होता, म्हणून दोन दिल्या.