पट्ट्याखालची खाज

सुप्याच्या एका कंपनीत मी मशीनवर असतो. जाड पँट, घट्ट पट्टा आणि दिवसभर घाम. एकदा पट्ट्याखाली रुपयाएवढा लाल चट्टा उठला आणि खाजायला लागला.

आई जामखेडकडची. तिने बघितलं आणि सांगून टाकलं, "उष्णता हाय, दुसरं काय न्हाई." वांगी बंद, शेंगदाणे बंद, सब्जा सुरू. चट्टा वाढतच गेला. गल्लीतल्या डॉक्टरांनी लांबूनच बघितलं, ॲलर्जी म्हणाले, साबण बदलायला लावला. मेडिकलवाल्याने तर काही न बघता ट्यूब काढून दिली. "सगळे हीच नेतात."

ट्यूब जादूची होती. खाज गायब! मी कंपनीत तिची जाहिरात केली. पण लावणं थांबवलं की चट्टा हजर, आणि सोबत पिल्लावळ. पुन्हा ट्यूब. असं वर्षभर. एकदा मीटिंगमध्ये मी दाराच्या चौकटीला कंबर घासत उभा होतो. साहेबांनी थांबून विचारलं, "तुम्हाला काही बोलायचंय का?"

शेवटी बायकोने मला नगरला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी चट्ट्याची कड खरवडली, काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली.

"बुरशी आहे. गजकर्ण म्हणतात ना, तेच. ट्यूबमधल्या स्टेरॉइडने खाज दबली, बुरशी मात्र पसरत राहिली."

"पावाला येते तशी?" मी विचारलं.

"तिचीच भावकी समजा. घरात आणखी कुणाला आहे?"

"छे!" मी म्हणालो.

बायको खाली बघत म्हणाली, "मला आहे. आईंनाही."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? तुमचीच ट्यूब लावत होतो दोघी."

पुढच्या वेळी आईलाही नेलं. "आजी, कधीपासून आहे?" बाईंनी विचारलं.

"ह्याच्या लई आदीपासनं," आई शांतपणे म्हणाली. "म्या म्हनलं, उगं कशाला सांगायचं?"

बाई हसू दाबत चिठ्ठी लिहीत होत्या.

तिघांना गोळ्या, नवं मलम, वेगवेगळे टॉवेल आणि कपडे कडक उन्हात. बरं व्हायला काही महिने गेले. आता आंघोळीनंतर सासूसुना खोलीचं दार लावून एकमेकींची पाठ तपासतात. मी दार वाजवलं तर आतून दोघी एकदमच ओरडतात, "थांब रे!" आणि "थांबा हो!"